मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस (कादंबरी)

मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस ही वसीम खान यांनी इंग्रजीत लिहिलेली ऐतिहासिक पोलिसी तपासकादंबरी आहे. ती २०२० साली लंडनमधील हॉडर अँड स्टॉटन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. १९४९ सालच्या अखेरच्या रात्री मुंबईत झालेल्या एका इंग्रज मुत्सद्द्याच्या खुनाचा तपास हा तिचा विषय आहे. हा तपास दोन विजोड व्यक्ती करतात. एक आहे पर्सिस वाडिया ही पारशी तरुणी. कादंबरीच्या कल्पित विश्वात ती भारतातील पहिली स्त्री पोलीस निरीक्षक आहे. दुसरा आहे आर्ची ब्लॅकफिंच, लंडनच्या पोलीस दलातून आलेला न्यायसहायक विज्ञानातील तज्ज्ञ. या कादंबरीला ब्रिटनमधील क्राइम रायटर्स असोसिएशनचा ऐतिहासिक रहस्यकथेसाठीचा ‘हिस्टॉरिकल डॅगर’ हा पुरस्कार २०२१ साली मिळाला. ‘मलबार हाउस’ या कादंबरीमालेचा हा पहिला भाग होय.

लेखक

वसीम खान यांचा जन्म १९७३ साली लंडनमध्ये झाला. १९९७ साली ते व्यवस्थापन सल्लागार म्हणून मुंबईत आले आणि सुमारे दहा वर्षे भारतात राहिले. इंग्लंडला परतल्यावर ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन या संस्थेच्या सुरक्षा व गुन्हेविज्ञान विभागात काम करू लागले. त्यांची पहिली कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली. निवृत्त पोलीस निरीक्षक चोप्रा आणि हत्तीचे एक पिल्लू यांच्याभोवती गुंफलेली ती मालिका आजच्या मुंबईत घडते व तिचा सूर प्रसन्न, विनोदी आहे. ‘मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस’मध्ये लेखक त्याच शहरात, पण सत्तर वर्षे मागे जातो आणि त्याचा सूरही गंभीर होतो.

शीर्षक

मलबार हाउस ही कादंबरीतील एक इमारत आहे. तिच्या तळघरात पोलिसांचे एक छोटे पथक बसते. वरिष्ठांना नकोसे झालेले, कुठे ना कुठे ठपका बसलेले अधिकारी येथे पाठवले जातात. पर्सिसवर असा कोणताही ठपका नाही. तिचे स्त्री असणे हेच तिच्या नेमणुकीचे कारण ठरले आहे. शीर्षकातील ‘मिडनाइट’ म्हणजे मध्यरात्र. कथेच्या पातळीवर ती पर्सिसच्या रात्रपाळीची वेळ आहे. भारतीय वाचकाला मात्र त्या शब्दाने १५ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्रही आठवते.

कथानक

३१ डिसेंबर १९४९. मुंबई शहर नव्या वर्षाच्या स्वागतात गुंतलेले आहे. पोलीस दलात दाखल होऊन सहाच महिने झालेली पर्सिस वाडिया मलबार हाउसच्या तळघरात रात्रपाळीवर आहे. दूरध्वनी वाजतो आणि मरीन ड्राइव्हवरील लॅबर्नम हाउस या बंगल्यात खून झाल्याची वर्दी मिळते. तेथे नववर्षाची मेजवानी चालू असताना यजमान सर जेम्स हेरियट यांचा त्यांच्याच अभ्यासिकेत खून झालेला असतो. घरात शहरातील प्रतिष्ठितांची गर्दी असते, आणि साक्षीदार म्हणून ज्यांचे जबाब नोंदवायचे तेच संशयितही असतात.

खून झालेली व्यक्ती इतकी मोठी असताना हे प्रकरण मलबार हाउसकडे का सोपवले जाते, हा प्रश्न आरंभीच उभा राहतो. तपास फसला तर दोष द्यायला एक नवखी स्त्री अधिकारी हाताशी असणे कोणाच्या तरी सोयीचे आहे, याची जाणीव पर्सिसला होते. वृत्तपत्रांना तिच्यात आयतीच सनसनाटी बातमी मिळते. मुंबईत न्यायसहायक प्रयोगशाळा उभारण्याच्या कामी साहाय्य करण्यासाठी आलेला आर्ची ब्लॅकफिंच तपासात तिचा सहकारी बनतो.

पुढे असे उघड होते की, फाळणीच्या काळात घडलेल्या गुन्ह्यांची चौकशी करण्याचे काम सरकारने हेरियट यांच्याकडे दिले होते. या माहितीमुळे एका घरातील खुनाला राजकीय परिमाण मिळते. हेरियट यांच्या सेवेतील मान सिंग हा शीख संशयित म्हणून पकडला जातो आणि गुन्हा कबूल करतो. वरिष्ठांच्या दृष्टीने प्रकरण मिटते. पर्सिसला मात्र ही कबुली पुरेशी वाटत नाही. तपासाचा माग तिला मुंबईबाहेर, पंजाबपर्यंत घेऊन जातो. खुनाचे मूळ १९४७ सालच्या हिंसाचारात आहे की मुंबईतील उच्चभ्रू वर्तुळात, हे रहस्य लेखकाने शेवटच्या प्रकरणांपर्यंत राखले आहे.

प्रमुख पात्रे

पर्सिस वाडिया : पोलीस निरीक्षक. बुद्धिमान, हट्टी, शीघ्रकोपी. स्वतःची चूक कबूल करणे तिला जड जाते. आईवेगळी वाढलेली असल्याने वडिलांशी तिचे नाते गाढ आणि तितकेच खटकेबाज आहे.

आर्ची ब्लॅकफिंच : इंग्रज तज्ज्ञ. पुराव्यांच्या बाबतीत काटेकोर, माणसांच्या बाबतीत अवघडलेला.

सॅम वाडिया : पर्सिसचे वडील. चाकाच्या खुर्चीत जखडलेले, पुस्तकांच्या दुकानाचे मालक. मुलीच्या नोकरीचा त्यांना अभिमानही वाटतो आणि धास्तीही.

नुसी : वाडियांच्या नात्यातील स्त्री. पर्सिसने नोकरी सोडून लग्न करावे, हा तिचा आग्रह असतो.

रोशन सेठ : मलबार हाउसचे प्रमुख अधिकारी. एके काळी उज्ज्वल भवितव्य असलेले, आता निराश झालेले.

सर जेम्स हेरियट : खून झालेले इंग्रज मुत्सद्दी. सत्तांतरानंतरही भारतातच राहिलेल्या इंग्रजांपैकी एक.

तपासनिसांची विजोड जोडी

दोन भिन्न स्वभावांच्या किंवा भिन्न समाजांतील तपासनिसांना एकत्र आणणे ही पोलिसी कादंबरीतील जुनी योजना आहे. जॉन बॉल यांच्या १९६५ च्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये कृष्णवर्णीय गुप्तचर व्हर्जिल टिब्स याला अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका गोऱ्या पोलीसप्रमुखाबरोबर काम करावे लागते. जेम्स एलरॉय यांच्या १९८७ च्या ‘द ब्लॅक डाहलिया’मध्ये १९४०च्या दशकातील लॉस एंजेलिसचे दोन पोलीस आहेत. दोघेही माजी मुष्टियोद्धे, पण प्रकृतीने भिन्न. अशा जोडीमुळे कथेत दोन तपास समांतर चालू राहतात : एक गुन्ह्याचा, दुसरा सहकाऱ्याचा.

वसाहतकालीन भारतात ही योजना वापरणारी अलीकडची महत्त्वाची कादंबरी म्हणजे आबीर मुखर्जी यांची ‘अ रायझिंग मॅन’ (२०१६). तिच्यात १९१९ सालच्या कलकत्त्यात कॅप्टन सॅम विंडहॅम हा इंग्रज अधिकारी आणि सार्जंट सुरेंद्रनाथ बॅनर्जी हा त्याचा बंगाली साहाय्यक एकत्र येतात. इंग्रजांना बॅनर्जींचे नाव उच्चारता येत नाही, म्हणून ते त्याचे ‘सरेंडर-नॉट’ असे रूपांतर करतात. तेथे इंग्रज वरिष्ठ आहे, भारतीय कनिष्ठ. कथाही इंग्रजाच्याच तोंडून सांगितलेली आहे.

खान यांनी ही उतरंड उलटी केली आहे. येथे तपासाचा अधिकार भारतीय स्त्रीकडे आहे आणि इंग्रज पुरुष तिचा सल्लागार आहे. या बदलाला ऐतिहासिक अर्थ आहे. १९१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याचा शब्द अंतिम असणे स्वाभाविक होते. १९५० च्या उंबरठ्यावर कायद्याने अधिकार भारतीयांकडे आलेले आहेत. पण सवयीने लोक अजूनही गोऱ्या माणसाकडे आणि पुरुषाकडे पाहून बोलतात. प्रश्न पर्सिस विचारते आणि उत्तर शेजारी उभ्या असलेल्या पुरुषाला दिले जाते, अशी या जोडीची स्थिती आहे.

दोघांच्या तपासपद्धतीही वेगळ्या आहेत. ब्लॅकफिंचचा विश्वास ठसे, डाग, जखमा आणि मोजमापे यांवर आहे. पर्सिस माणसांच्या बोलण्यातील विसंगती आणि त्यांचा पूर्वेतिहास शोधते. ब्लॅकफिंच तटस्थ राहू शकतो, कारण हा देश त्याचा नाही. पर्सिसला ती सोय नाही. फाळणीतील गुन्ह्यांचा माग काढताना तिला ज्यांच्याविषयी प्रश्न विचारावे लागतात, ते तिचेच देशबांधव आहेत. दोघांमध्ये हळूहळू आदर व ओढ निर्माण होते. पण नुकत्याच संपलेल्या सत्तेची आठवण त्या नात्यात अडसर म्हणून उभी राहते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

संविधानाचे दोन महिने

कथेची तारीख लक्षणीय आहे. संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले. नागरिकत्वासंबंधीची व अन्य काही कलमे त्याच दिवशी अंमलात आली. मूलभूत हक्कांसह उर्वरित संविधान २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाले. कादंबरीतील खून या दोन तारखांच्या मधोमध होतो. कायद्यापुढील समानता (कलम १४), लिंगभेदावर आधारित भेदभावास मनाई (कलम १५) आणि सरकारी नोकरीतील समान संधी (कलम १६) ही कलमे त्या रात्री मान्य झालेली होती, पण लागू झालेली नव्हती. पर्सिस वाडिया त्या रात्री नागरिक आहे. तिच्या समानतेला मात्र संविधानाचा आधार मिळण्यास सव्वीस दिवस बाकी आहेत. तळघरातील तिची नेमणूक या संधिकाळाला साजेशी आहे.

पोलीस दलातील स्त्रिया

पर्सिस वाडिया ही पूर्णपणे कल्पित व्यक्ती आहे. भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री अधिकारी किरण बेदी होत. त्यांची निवड १९७२ साली, म्हणजे कादंबरीतील घटनांनंतर बावीस वर्षांनी झाली. मात्र पर्सिसला सोसाव्या लागणाऱ्या अडचणी कल्पित म्हणता येत नाहीत. भारतीय प्रशासकीय सेवेतील पहिल्या स्त्री अधिकारी अण्णा राजम (विवाहानंतर मल्होत्रा) यांची १९५१ साली निवड झाली, तेव्हा निवड मंडळाने त्यांना ही सेवा स्त्रियांना योग्य नाही असे सुचवले होते, आणि विवाह केल्यास सेवा संपुष्टात येईल अशी अट त्यांच्या नेमणुकीत होती. नुसीचा लग्नाचा आग्रह हा त्यामुळे केवळ घरगुती विनोद राहत नाही. त्या काळात लग्न आणि नोकरी यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ स्त्रीवर खरोखरच येत असे.

नायिका पारशी असणे हेही इतिहासाला धरून आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईचे पहिले भारतीय पोलीस आयुक्त झालेले जे. एस. भरुचा पारशी होते. कायद्याच्या क्षेत्रात प्रथम पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांमध्येही पारशी घराण्यांशी संबंध असलेली नावे आढळतात. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले होते. ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर मिठान टाटा-लाम या पारशी होत्या. सुजाता मॅसी यांच्या १९२१ सालच्या मुंबईत घडणाऱ्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) या कादंबरीतील पारशी वकील नायिकेलाही याच स्त्रियांच्या चरित्रांची प्रेरणा आहे.

फाळणी आणि न्याय

पंजाब व बंगाल यांना विभागणारी रॅडक्लिफ रेषा १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झाली. त्याआधी सुरू झालेला हिंसाचार त्यानंतर आणखी भडकला. मृतांच्या संख्येचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत व त्याहूनही अधिक दिले जातात. स्थलांतरितांची संख्या सव्वा ते दीड कोटी मानली जाते. हजारो स्त्रियांचे अपहरण झाले. एवढ्या मोठ्या प्रमाणावरील गुन्ह्यांसाठी न्युरेंबर्गसारखे न्यायासन मात्र उभारले गेले नाही. भारत सरकारने निर्वासितांचे जबाब व माहिती गोळा करण्यासाठी एक तथ्यसंकलन विभाग नेमला होता. त्यातील साहित्याच्या आधारे न्यायमूर्ती गोपाल दास खोसला यांनी ‘स्टर्न रेकनिंग’ हा ग्रंथ लिहिला. हेरियट यांची चौकशी कल्पित आहे, पण अशा चौकशीची कल्पना त्या काळाला परकी नव्हती.

लेखकाने रहस्यकथेचा मूलभूत प्रश्न येथे इतिहासाला विचारला आहे. एका माणसाच्या खुनासाठी पोलीस, प्रयोगशाळा, वृत्तपत्रे आणि मंत्रालय कामाला लागतात. लाखो माणसांच्या खुनांचा तपास करायला कोणीही पुढे येत नाही. नव्या राष्ट्राला पुढे जायचे आहे आणि त्यासाठी काही गोष्टी विसरल्या जाव्यात अशी अनेकांची इच्छा आहे. पर्सिसचा हट्ट या विसरण्याच्या आड येतो.

मुंबईलाही फाळणीची झळ लागली होती. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आश्रय देण्यात आला आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. मरीन ड्राइव्हवरील मेजवानी आणि ही छावणी ही एकाच काळातील दोन चित्रे होती.

न्यायसहायक विज्ञान

ब्लॅकफिंचच्या मुंबईतील नेमणुकीलाही वास्तवाचा आधार आहे. बोटांच्या ठशांवरून ओळख पटवण्याचे काम करणारे कार्यालय कलकत्त्यात १८९७ सालीच सुरू झाले होते. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत सिद्ध करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीयांचा मोठा वाटा होता, जरी ती पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते. गुन्ह्याच्या सर्वांगीण वैज्ञानिक तपासासाठीच्या प्रयोगशाळा मात्र स्वातंत्र्योत्तर काळात उभ्या राहिल्या. त्यांपैकी पहिली १९५२ साली कलकत्त्यात व मुंबईतील प्रयोगशाळा १९५८ साली स्थापन झाली. १९४९ मधील मुंबईचा तपास अधिकारी अशा साधनांविना काम करत होता, ही बाब कादंबरीत नेमकी टिपली आहे.

मुंबईचे चित्रण

मुंबई प्रांतात त्या वेळी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. दारूबंदी टप्प्याटप्प्याने कडक होत होती. एप्रिल १९५० मध्ये ती पूर्णपणे लागू झाली. भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर १९३०–४० च्या दशकांत उभा राहिलेला मरीन ड्राइव्ह तेव्हा शहराचा सर्वांत नवा चेहरा होता. तेथील आर्ट डेको शैलीच्या इमारती आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील मुंबईच्या वास्तुसमूहाचा भाग आहेत (२०१८).

कादंबरीतील मुंबई मुख्यतः किल्ला विभाग, मरीन ड्राइव्ह आणि पारशी घरे यांची आहे. इंग्रजी बोलणारा वर्ग तिच्या केंद्रस्थानी असल्यामुळे गिरगाव, परळ, लालबाग येथील मराठी कामगारवस्तीचे शहर तिच्यात फारसे दिसत नाही. पोलीस दलाच्या खालच्या श्रेणींत ज्यांचा मोठा भरणा होता, त्या मराठी शिपाई-हवालदारांनाही कथेत दुय्यम स्थान आहे. मराठी वाचकाला ही उणीव जाणवण्यासारखी आहे.

वाङ्मयीन वैशिष्ट्ये

कथा तृतीयपुरुषी निवेदनात, प्रामुख्याने पर्सिसच्या दृष्टिकोनातून सांगितली आहे. श्रीमंत यजमानाचे घर, मेजवानी, पाहुण्यांतील संशयित आणि बंद खोलीतील प्रेत ही मांडणी दोन महायुद्धांमधील इंग्रजी रहस्यकथेच्या परंपरेतील आहे. पोलीस ठाण्यातील हेवेदावे, वरिष्ठांचे दबाव आणि जबाब नोंदवण्याची रीत हा भाग आधुनिक पोलिसी कादंबरीचा आहे. इतिहासाची माहिती बहुतेक ठिकाणी संवादांतून येते. काही ठिकाणी ती परदेशी वाचकासाठी विस्ताराने दिली असल्याने भारतीय वाचकाला परिचित गोष्टी पुन्हा वाचाव्या लागतात.

कथेत दाखवलेल्या काळी मराठीत बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा अतिशय लोकप्रिय होत्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड यांसारखे नायक पोलिसांच्या चौकटीबाहेर राहून न्याय मिळवून देत. पर्सिस वाडियाचा मार्ग याच्या उलट आहे. चौकट तिला स्वीकारत नसतानाही ती चौकटीतच राहून न्याय मागते.

मालिकेतील पुढील कादंबऱ्या

‘द डाइंग डे’ (२०२१) : मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतून दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे प्राचीन हस्तलिखित नाहीसे होते. सोसायटीच्या संग्रहात असे हस्तलिखित प्रत्यक्षातही आहे.

‘द लॉस्ट मॅन ऑफ बॉम्बे’ (२०२२) : हिमालयाच्या पायथ्याशी एका गोऱ्या माणसाचे गोठलेले प्रेत सापडते आणि त्याचे धागेदोरे मुंबईपर्यंत पोहोचतात.

‘डेथ ऑफ अ लेसर गॉड’ (२०२३) : फाशीची शिक्षा झालेल्या एका गोऱ्या तरुणाचा खटला पुन्हा तपासला जातो.

‘सिटी ऑफ डिस्ट्रक्शन’ (२०२४) : मुंबईत संरक्षणमंत्र्यांवर हल्ल्याचा प्रयत्न होतो.

पर्सिस आणि ब्लॅकफिंच यांची जोडी या सर्व कादंबऱ्यांत कायम आहे.